हराळीला पाणी

हिंमतरावांचं पोस्टकार्ड अकोल्याला पोचलं, तेव्हा वच्छला सातवीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होती. आशीर्वाद वगैरे दीड ओळीत उरकून त्यांनी लिहिलं होतं, 'तुमच्या मातोश्री परवा विहिरीच्या पायरीवर घसरल्या. हाड मोडले नाही. परंतु त्या हराळीसाठी रोज अठरा बादल्या पाणी ओढतात. डॉक्टरांनी वजन उचलण्यास मनाई केली आहे. आमचे ऐकत नाहीत, डॉक्टरांचेही ऐकत नाहीत. तुम्ही येऊन काय ते करावे.'

काय ते करावे! जणू काही माहेरी तिचं ऐकणारं माणूस बसलेलं होतं. होतं ते पौषात गेलं.

सुट्टी लागली त्याच दिवशी नवरा आणि मुलगा सासूबाईंच्या हवाली करून ती निघाली. खामगावला गाडी बदलून चिखलीला उतरली, तर ऊन नुसतं टळटळत होतं. घराचं फाटक उघडलं आणि ती तिथंच थांबली. बासष्ट वर्षांची तिची आई, उजव्या घोट्याला हळदीचा लेप, वर चिंधी गुंडाळलेली, मागच्या विहिरीवरून भरलेली बादली घेऊन लंगडत पुढच्या अंगणात येत होती.

"माय, ठेव ती बादली."

"आलीस? बस. एवढी घालतो अन् चहा ठेवतो."

"आधी पाय दाखव. हिंमतकाकांनी लिहिलं होतं..."

"हिंमतरावाले दुसरं काम नाई. कांदे काढून झाले, आता बसल्या बसल्या पत्रं लिव्हते." आईनं बादली तिरपी केली. "लिव्हू दे. मास्तर व्हायचं राहून गेलं त्याचं."

बारा फूट रुंद, वीस फूट लांब एवढाच तो तुकडा. चहूबाजूंनी तिरप्या विटांची किनार. वच्छलाचे वडील अर्जुनराव बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. नोकरीची शेवटची वर्षं बुलढाण्याला गेली. तिथल्या साहेबांच्या बंगल्यांपुढच्या हिरवळी पाहून त्यांनी मनाशी ठरवलं, की पेन्शन घेतली की आपल्याही दारात लॉन करायचं. चिखलीच्या कडेला, हिंमतरावांच्या मळ्याला लागून घर बांधलं आणि मोठ्या हौसेनं समोर हराळी लावली. गावाला हसायला विषय मिळाला. या भागातला शेतकरी जन्मभर वावरातली हराळी खणत राहतो. हराळीनं धरलेलं वावर कोणी विकत घेत नाही, आणि अर्जुनराव तीच हराळी पेरून, वर तिला पाणी पाजून, धनगराच्या मेंढ्या कातरायच्या कात्रीनं गुडघ्यावर बसून कापत. लोक हसले तर तेही हसत. बारा वर्षं त्यांनी स्वतः बादल्या ओढल्या. आता ते नव्हते, आणि बादल्या होत्या.

घरातलं पाणी गोजरबाई भरून जायची. पण अंगणातल्या तुकड्याला पाणी घालायला ती तयार नव्हती. वच्छलानं तिला सांगून पाहिलं.

"धुनं सांग, भांडे सांग, गोठा सांग," गोजरबाई म्हणाली. "हराळीले पानी नाई सांगू, बाई. चाळीस वर्षं लोकायच्या वावरातली हराळी खुरपून राह्यली मी. तिले हातानं पानी घालीन तं हेच हात मले उद्या जाब पुसतीन."

मग वच्छला हिंमतरावांकडे गेली. दोन घरांमध्ये काटेरी कुपाटी होती आणि तिच्या पलीकडून, जेमतेम दोन हातांवरून, हिंमतरावांच्या इंजिनाचा पाट खळखळत जायचा. पाट भेंडीला, मेथीला, कोथिंबिरीला जायचा. वच्छलाच्या मनात आलं, इतकं सोपं उत्तर बारा वर्षं कोणाला सुचलं कसं नाही?

"काका, कुपाटीखालून चार बोटं पाणी इकडं सोडलं, तर आईचं ओढणं वाचेल."

हिंमतरावांनी डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला. "कोनाले सोडू?"

"आमच्या अंगणात."

"हराळीले?" त्यांचा आवाज एकदम चढला. "वच्छले, तुह्या बापासंगं मी रोज चहा पेलो. तो गेला त्या दिवशी माह्या घरी चूल पेटली नाई. पर हे पानी त्यालेबी देल्लं नाई म्या. माह्या बापानं ह्या मळ्यातली हराळी काढता काढता कंबर टाकली. तिले मी पानी पाजू? तुले पाह्यजे तं प्यायले ने. म्हशीले ने. आंघोय कर. हराळीचं नाव काढू नको."

"आणि आई पडली तर?"

"म्हनून तं कारड टाकलं ना!"

असं सगळं. एकेकाचं तत्त्व एकेकाजवळ शाबूत होतं आणि बादली आईच्या हातात होती.

तिसऱ्या दिवशी वच्छलानं सरळच विचारलं, "माय, हराळी वाळू दिली तर काय होईल?"

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. "तेरवीले लोक आले तवा हिरवीगार होती. आता पिवळी पडली तं येनाराजानारा म्हनीन, मानूस गेला अन् बाईनं चार महिन्यांत टाकून देल्लं."

"बाबांना आवडलं असतं का, तू कंबर मोडून घेतलेली?"

"त्यायले काय आवडलं असतं, हे तुले अकोल्यात बसून कसं समजलं?"

वच्छला उठून ओसरीवर गेली. वडील गेले तेव्हा ती पोचली दुसऱ्या दिवशी, सगळं झाल्यावर. आपलं बोलणं कुठं लागलं हे आईला ठाऊक असावं, कारण त्या दिवशी तिनं वच्छलाला न विचारता भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

रात्रभर विचार करून वच्छलाला एवढं कळलं, की भांडण हराळीशी नाहीच, हिरव्या रंगाशी आहे. अंगण हिरवं दिसलं म्हणजे झालं. मग कमी पाण्यात हिरवं काय राहतं? शाळेच्या ग्रंथालयात वनस्पतींचं एक जाड पुस्तक होतं. तासन् तास ते चाळलेलं तिला आठवत होतं. त्यात जलपिंपळीबद्दल लिहिलेलं होतं, की ती जमिनीलगत सरपटते, बोटभरही वर येत नाही, कापावी लागत नाही, आणि एकदा मूळ धरलं की आठवड्या-पंधरवड्यानं पाणी मिळालं तरी तग धरते. गावाबाहेरच्या नाल्याच्या काठाला ती सतरंजीसारखी पसरलेली असे. गोजरबाई तिला 'ते बारीक फुलाचं तन' म्हणायची.

"नाल्यातलं तन दारात लावतं?" आईनं विचारलं.

"हराळी काय स्वर्गातून आणली होती?"

"त्यायनं बुलढान्याहून आनली होती," आई म्हणाली. जणू तेच उत्तर.

दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी आई कबूल झाली ती एका अटीवर. "पानी नाई लागत म्हनतं ना? एक तांब्याबी नाई?"

"नाही," वच्छला म्हणाली. 'एकदा मूळ धरलं की' हे तीन-चार शब्द तिनं गिळले. आयुष्यभर पोरांना वाक्य अर्धवट वाचू नका म्हणून सांगणारी बाई, पण तिचाही धीर सुटला होता.

गोजरबाईला मात्र हे काम म्हणजे सण झाला. तिनं टिकास मागून आणली, पदर खोचला आणि विटांच्या किनारीच्या आत पहिला घाव घातला. हातभर खोल खणून तिनं ढेकळं उलटी केली. प्रत्येक ढेकूळ हातात घेऊन फोडलं, त्यातल्या पांढऱ्या काशा, म्हणजे जमिनीखालून चालणारी हराळीची मुळं, दोरा ओढावा तशी लांबच लांब ओढून काढली. "एक कांडी राह्यली तं सारं घर घेईन ही," ती म्हणायची आणि कांडी दोन बोटांत धरून वच्छलाला दाखवायची. टोपलं भरलं की ते उचलायचं, कुपाटीशी जायचं आणि पलीकडं भिरकावायचं. चाळीस वर्षांची सवय. निंदलेली हराळी वावरात ठेवायची नसते, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फेकायची असते. तिथं ती उन्हात तडतडून मरते.

आई तेवढे तीन दिवस माजघरातून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी आली, उघड्या काळ्या मातीकडे बघितलं आणि म्हणाली, "वावरासारखं दिसून राह्यलं." एवढंच.

वच्छला आणि गोजरबाईनं नाल्यावरून दोन पोती भरून जलपिंपळी आणली. वीतभर अंतरावर तिचे तुकडे लावले. लावून झाल्यावर गोजरबाई बीबी गावाला भाचीच्या लग्नाला निघून गेली ती आठ दिवसांच्या बोलीवर. आणि वैशाखातल्या उन्हात त्या तुकड्यांनी संध्याकाळपर्यंत माना टाकल्या.

"पाह्य," आई म्हणाली.

"रुजेपर्यंत लागतं थोडं पाणी. तीनेक आठवडे."

"तू म्हनली व्हतीस एक तांब्याबी नाई."

"मी घालते ना! तू विहिरीकडं जायचं नाहीस, बस."

हराळीला अठरा बादल्या लागत. जलपिंपळीला सकाळी बारा आणि संध्याकाळी बारा लागल्या. वच्छलाच्या तळहातांना फोड आले. आई ओसरीवर बसून मोजत असे आणि मध्येच "त्या कोपऱ्यातल्याले नाई पोचलं" म्हणून सांगत असे. तरी वच्छलानं मनाशी हिशेब मांडला होता: आता अंगणात हराळी नाही, म्हणजे हिंमतरावांची हरकतही नाही. खणणं सुरू झालं त्याच दिवशी ते बायकोला घेऊन आठ दिवसांसाठी लेकीकडे जळगाव जामोदला गेले होते. परत आले की पाटाचं पाणी मागायचं. झालं.

हिंमतराव परत आले त्याच दिवशी, सकाळी आठाला, फाटकाशी आरडाओरडा झाला.

"वच्छले! बाहेर ये."

वच्छला ओल्या पदरानं बाहेर आली. हिंमतरावांच्या मुठीत हिरवे पोपटी कोंब होते. मूठ त्यांनी तिच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"हराळी," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला सगळं समजलं.

गोजरबाईचा धुरा म्हणजे हिंमतरावांचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते. कुपाटी दाट, एखादी फट सोडली तर पलीकडचं दिसत नाही. टोपलं सरळ वाफ्यांत रिकामं झालं होतं. पाणी द्यायला ठेवलेला मोतीराम पाट फोडायचा आणि बाजेवर जाऊन पडायचा. आठ दिवस ओल मिळाली. कांडी न् कांडी फुटली होती.

"गोजरबाईला ठाऊक नव्हतं, काका. तिला वाटलं बांध आहे."

"तिले नसीन ठाऊक. तुले डोये नव्हते?" हिंमतरावांनी मूठ आणखी पुढं केली. "अवो, वैरी असते ना वैरी, तो रातीचा येऊन दुसऱ्याच्या वावरात हराळी टाकते! भावाभावाची वाटनी फिसकटली की टाकतेत! बारा वर्षं तुहा बाप इथं राह्यला. दर आयतवारी सकायी खुरपं घेऊन ह्या कुपाटीच्या बुडाशी बसायचा. एकेक धागा तोडायचा. 'हिंमतराव, माझी हौस तुमच्या वाफ्यात येनार नाई' म्हने. बारा वर्षांत एक काडी इकडं आली नाई. अन् तू आठ दिवसांत..." त्यांनी मूठ जमिनीवर आपटली, मग खाली वाकून सगळे कोंब पुन्हा वेचून घेतले. हराळी कोणाच्याच जमिनीत टाकून जायची नसते.

वडील रविवारी सकाळी काय करत, हे वच्छलाला ठाऊक नव्हतं. ते बादल्या ओढत, कात्रीनं गवत कापत, एवढंच तिनं पाहिलं होतं; तिच्या सुट्टीतले रविवार तर उशिरा उठण्यात गेले होते.

"मी वेचून देते," ती म्हणाली.

"देच."

सात वाफे होते. मेथीच्या पात्यांमधून हराळीची कांडी ओळखायची, खुरप्याचं टोक खाली घालायचं, तुटू न देता उचलायची आणि घमेल्यात टाकायची. तुटली की उरलेली परत फुटणार. पहिल्या दिवशी दोन वाफे झाले. संध्याकाळी उठताना तिला गुडघे सरळ करता येईनात, आणि सकाळच्या राहिलेल्या धरून चोवीस बादल्या बाकी होत्या. रुखमाबाई, हिंमतरावांची बायको, तिला चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "बाई, लय शिकली म्हनून ऐकलं होतं तुह्याबद्दल." यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे वच्छलाला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला ती पाचव्या वाफ्यात बसली होती. विहिरीवर रहाटाचा करकर आवाज आला. तिनं मान वर केली. कुपाटीच्या फटीतून मागचं अंगण दिसत होतं. आई दोर ओढत होती. ओढता ओढता थांबली, दोर मनगटाला गुंडाळून धरला, दुसरा हात कमरेवर ठेवला, श्वास घेतला, पुन्हा ओढायला लागली. बादली काठावर आली तेव्हा तिचा दुखरा पाय ओल्या पायरीवरून वीतभर सरकला.

एरवी पुस्तकातलं बोलणारी वच्छला खुरपं टाकून उभी राहिली आणि सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "माय! काऊन मरून राह्यली वं तू तिथं? तुले सांगतलं होतं ना! काऊन ऐकत नाई? एक मानूस जाऊन चार महिने झाले, दुसऱ्याले पाठवाची घाई झाली का तुले?"

रहाट थांबला. मोतीराम बाजेवरून उठून बसला.

आईनं बादली हळूच पायरीवर ठेवली. मग कुपाटीपलीकडून तिचा आवाज आला, चिडलेला नव्हता, पण स्पष्ट होता. "तू तिथं त्यायचं काम करून राह्यलीस. इथलं कोन करीन? वाळून जाईन ना ते. तूच लावलं ना?"

वच्छला खाली बसली. कांडी शोधायला म्हणून वाकली, पण बराच वेळ तिला वाफ्यातलं काही दिसलं नाही.

हिंमतराव भेंडीच्या पलीकडे उभे राहून हे सगळं ऐकत होते. ते आले, घमेल्यात बघितलं, मग कुपाटीजवळ जाऊन फटीतून डोकावले.

"वहिनी, अंगनात आता काय आहे?"

"तिनं आनलेलं नाल्यातलं तन."

"हराळी नाई?"

"गोजरीनं एक कांडी ठेवली नाई."

"मग मले काऊन सांगतलं नाई कोनी?"

वच्छलाला हसावं की रडावं कळेना. "काका, सांगायला तोंड होतं का माझं? तुम्ही मूठ घेऊन फाटकात उभे!"

"मूठ हराळीची व्हती. पान्याचं वेगळं." हिंमतरावांना या दोन गोष्टींचा संबंध खरोखरच दिसत नव्हता. "मोतीराम, फावडं आन बे! झोपा काढते नुसता. तुह्याच पायी हे झालं." मग थबकून ते पुन्हा कुपाटीकडे वळले. "पर एक आहे, वहिनी. हेबी तन सरपटनारंच आहे. म्या पाह्यलं नाल्यावर. उद्या इकडं आलं तं? वच्छला जाईन अकोल्याले. कुपाटीचं कोन पाहीन?"

वच्छला उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच पलीकडून आईनं विचारलं, "आयतवारीच लागते ना?"

"अर्जुनराव आयतवारी करे."

"मी पाहीन मग. बसून कराचं काम आहे. पाट घाला."

एवढंच बोलणं. पंधरा दिवस वच्छलानं विनवण्या केल्या, डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला, पुस्तकातले दाखले दिले, खोटंसुद्धा बोलली. आणि ह्या दोन म्हाताऱ्या माणसांनी कुपाटीच्या फटीतून अर्ध्या मिनिटात सौदा करून टाकला. तिला इतका राग आला, की उरलेले अडीच वाफे तिनं संध्याकाळपर्यंत एका दमात काढले.

पाट आला. कुपाटीच्या बुडाशी आडवी खाच पाडून, विटांच्या किनारीची एक वीट काढून, पाणी अंगणात शिरलं. जलपिंपळीनं चारच दिवसांत मान वर केली, आठव्या दिवशी पांढरी मुळं सोडली. गोजरबाई बीबीहून परतली, झाला प्रकार ऐकला आणि हात झटकून म्हणाली, "धुऱ्यावर टाकली म्या. धुरा कोनाचा, हे पाटीवर लिव्हून ठेवाव." आई एकदाही विहिरीकडे गेली नाही. म्हणजे वच्छला घरी असेपर्यंत तरी.

हीच 'असेपर्यंत'ची काळजी. शाळा उघडायला तीन दिवस उरले तेव्हा वच्छलानं पेटी भरली. मी गेल्यावर तू दोर हातात धरणार नाहीस, हे आईकडून वदवून घ्यायचं तिनं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं, समजुतीचं, चांगलं.

सकाळी नऊ वाजता प्रवासाचं लुगडं नेसून ती ओसरीवर आली. रविवार होता. आई कुपाटीशी लाकडी पाटावर बसली होती, दुखरा पाय लांब केलेला, हातात खुरपं. पलीकडून हिंमतराव काहीतरी सांगत होते आणि आई त्यांना सांगत होती की धुरा तिथं नाही, इथं आहे, त्यायनं मले स्वतः दाखवला होता. आणि हिंमतराव म्हणत होते की अर्जुनरावानं दाखवला असेल, पण कुपाटी लावली कोणी?

"माय, मी निघते."

"हाव. थांब जरा." आईनं मागं वळून बघितलं नाही. "हिंमतराव, तुमचा काटा माह्या बाजूले हातभर आला आहे, ते अगोदर बोला."

वच्छला पेटी घेऊन दोन मिनिटं उभी राहिली. जुळवलेलं वाक्य म्हणायला कुठं जागाच मिळेना. ती आईच्या पाठीकडे, तिच्या हातातल्या खुरप्याकडे बघत राहिली. आई एकेक धागा ओढून, तोडून, शेजारच्या घमेल्यात टाकत होती. तिच्या मागं अंगणात पाणी हळूहळू पसरत होतं.

"वच्छले!" हिंमतराव ओरडले. "पाटाचं बारं फुटलं! तुहं पानी सारं फाटकाकडं चाललं. उभी काय राह्यली? फावडं घे!"

"काका, माझी दहाची गाडी..."

"गाड्या लय येतेत. पानी वाया जाऊन राह्यलं ना!"

"उचल वं लुगडं," आई म्हणाली, "चिखल लागीन."

वच्छलानं पेटी ओसरीवर टाकली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, आणि दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं कपाळाला हात मारून फावडं उचललं. बारं बांधून होईस्तोवर दहाची गाडी गेली. दुसरी बारा वाजता होती.